स्विचवर अँड्रॉइड टाकायचंय? आधी खालचा नंबर वाचा

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की घरात धूळ खात पडलेला जुना निन्टेंडो स्विच (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) असेल तर त्यावर लिनिएजओएस टाकून त्याचा अँड्रॉइड टॅब करता येतो. झालं, तेवढ्या एका ओळीवर इतके मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. बाकीच्यांचे प्रिंटर आणि वायफायचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गुगल अँड्रॉइडचा मूळ कोड सगळ्यांना मोकळा ठेवतं, आणि तो घेऊन जगभरातली हौशी मंडळी फुकटात स्वतःची आवृत्ती बनवतात ती लिनिएजओएस. आधी सायनोजेनमॉड नावाचं प्रकरण होतं, ते २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद पडलं आणि त्यातूनच हे उभं राहिलं. स्विचवर ते आणायचं खरं काम स्विचरूट नावाच्या टीमने केलं, आणि आता लिनिएजच्या अधिकृत यादीतच स्विचचं नाव आहे.

दादा, माझा मामा न्यू जर्सीला असतो, त्याने २०१७ मध्ये घेतलेला स्विच आता माझ्याकडे आलाय. गेम विकत घ्यायला पैसे नाहीत हे उघड आहे, म्हणून अँड्रॉइड टाकायचा विचार आहे. पण मला आधी हे सांगा की हे होतंच कसं, निन्टेंडो काय झोपलंय का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

मित्रा, मामाला आधी एक फोन कर आणि थँक्यू म्हण, कारण २०१७ चा पीस म्हणजे या धंद्यात हापूसची पहिली पेटी आहे. कसं ते सांगतो.

स्विचच्या आतली चिप निन्टेंडोची नाहीच, ती एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ आहे, हीच चिप एनव्हिडियाच्या शील्ड टीव्हीत होती आणि गुगलच्या पिक्सेल सी टॅबमध्येपण, आणि ही दोन्ही यंत्रं अँड्रॉइडचीच. म्हणजे अँड्रॉइडला ही चिप आधीपासून ओळखीची होती, फक्त आत शिरायला दार हवं होतं. ते दार २०१८ च्या एप्रिलमध्ये उघड झालं. टेग्रामध्ये आरसीएम नावाचा एक मोड असतो, कारखान्यात किंवा रिपेअरला यंत्र अडकलं तर यूएसबीवरून त्याला जागं करायला ठेवलेला. त्या मोडमध्ये यूएसबीवरून एक विशिष्ट विनंती आली की चिप "किती बाइट कॉपी करायचे" हे नीट तपासतच नाही, समोरचा म्हणेल तेवढे घेते, आणि मग जास्तीचा माल जिथे जायला नको तिथे सांडतो. त्या सांडलेल्या जागेत आपला कोड ठेवला की चिप तोच चालवते. केट टेमकिन आणि त्यांच्या साथीदारांनी हे शोधलं, फ्युझी जेली असं नाव दिलं, आणि जाहीर करण्याआधी एनव्हिडिया आणि निन्टेंडो दोघांना कळवलंही होतं. फेलओव्हरफ्लो नावाच्या दुसऱ्या गटाला तीच चूक स्वतंत्रपणे सापडली होती, त्यांनीही त्याच दिवसांत आपलं काम बाहेर काढलं.

आता तुझा झोपलंय का हा प्रश्न. झोपलं नव्हतं, हात बांधलेले होते. ही चूक बूटरॉममध्ये आहे, म्हणजे चिप बनतानाच सिलिकॉनमध्ये कोरलेला भाग, तो घरबसल्या अपडेटने बदलता येत नाही. पुस्तक छापून वाचकाच्या हातात गेलं की मग शुद्धिपत्रक कुठे चिकटवणार? ते छापखान्यातच चिकटवावं लागतं, आणि निन्टेंडोने नेमकं तेच केलं, २०१८ च्या मध्यापासून नवीन पीस कारखान्यातून निघतानाच शुद्धिपत्रक लावून निघायला लागले. त्याआधी विकले गेले ते तसेच राहिले, कायमचे. तुझ्याकडचा त्यातला आहे.

सर नमस्कार, मी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून सेकंडहँड स्विच घेतला, दुकानदार म्हणाला जुनावालाच आहे, डोळे झाकून घ्या. जिग (आरसीएममध्ये न्यायचा प्लॅस्टिकचा तुकडा) लावली, स्क्रीन काळी होते, लॅपटॉपवर एपीएक्स असं नावपण येतं, पण पुढे हेकाटे (ज्या मेनूतून अँड्रॉइड बसवतात तो) काही उघडत नाही. केबल तीन बदलल्या. — एक वाचक, पुणे

डोळे झाकूनच घेतलात ना, तिथेच घोळ झाला. आपल्याकडे स्विच अधिकृतपणे कधी विकायलाच आला नाही, जो आहे तो दुबई, सिंगापूर, जपान, अमेरिका असा फिरत आलेला, त्यामुळे दुकानदारालाही बरेचदा माहीत नसतं आपण काय विकतोय, आणि ज्याला माहीत असतं तो सांगत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला तुमचा पीस पॅच झालेला, म्हणजे कारखान्यातच शुद्धिपत्रक लागलेला वाटतोय. लोक इथे फसतात, एपीएक्स दिसलं, म्हणजे आरसीएममध्ये जातोय, म्हणजे चालणारच असं धरून बसतात. आरसीएममध्ये पॅच झालेलाही जातो! फरक पेलोड, म्हणजे आपला कोड, पाठवल्यावर कळतो. कमांड लाइनवाला जुना प्रोग्रॅम वापरलात तर शेवटच्या ओळीत तो किती बाइटने धक्का दिला ते लिहितो, तिथे ७००० दिसलं तर पेढे वाटा, ०००० दिसलं तर विषय संपला, मग केबल तीन बदला नाहीतर तीस.

पुढच्यांसाठी, दुकानात उभं असतानाच बघायच्या गोष्टी सांगतो. स्विच उलटा धरा, चार्जिंगच्या भोकाशेजारी खालच्या कडेला बारीक अक्षरात सिरियल नंबर असतो. एक्सएडब्ल्यू किंवा एक्सएजे ने सुरू होत असेल तर पहिल्या पिढीचा, त्यात पॅच न झालेले आणि झालेले दोन्ही असतात, पुढचे आकडे जितके लहान तितकी आशा जास्त. उदाहरणार्थ एक्सएडब्ल्यू१ वाल्यांमध्ये त्या १ पासून मोजून १००७४ पर्यंतचे सुरक्षित धरतात, १०१२० च्या पुढचे पॅच झालेले, आणि मधला पट्टा नशिबाचा. एक्सके दिसलं तर ती २०१९ ची दुसरी आवृत्ती, बॅटरी छान (कंपनी साडेचार ते नऊ तास सांगते, पहिलीला अडीच ते साडेसहा), पण आपल्या कामाची नाही. खोका असेल तर आणखी सोपं, पूर्ण लाल पार्श्वभूमीचा खोका म्हणजे दुसरी आवृत्ती. मात्र खोका आणि आतला माल एकाच घरचे असतील याची खात्री सेकंडहँडमध्ये कुणी द्यायची? नंबर यंत्रावरचाच वाचा. आणि स्टिकर खरवडलेला असेल तर सरळ खाली ठेवा आणि चहा प्यायला जा.

पॅच झालेल्या पीसमध्ये मॉडचिप, म्हणजे कुलूप चुकवणारी जास्तीची चिप, बसवून मिळते, बसवणारे लोक आहेत. पण ते केसाएवढ्या तारांचं सोल्डरिंग आहे, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बोर्ड गेला. अँड्रॉइडसाठी एवढं? माझा सल्ला नाही. दुकानदाराने "जुनावाला" म्हणून लेखी किंवा व्हॉट्सॲपवर सांगितलं असेल तर तो मेसेज दाखवून बदलून मागा.

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या काकांनी दिलेल्या स्विचवर त्याला काहीतरी लिनिएज का काय ते टाकायचंय, युट्युबवर बघून कागदाची टाचणी सरळ करून घेऊन बसला होता. मला भीती वाटते की आहे तेही बिघडेल. त्याचे विकत घेतलेले गेम जातील का? हे बेकायदा आहे का? — एक आई, कोल्हापूर

ताई, पहिलं काम म्हणजे ती टाचणी काढून घ्या. उजव्या बाजूच्या जॉयकॉनच्या (कडेला लावायच्या कंट्रोलरच्या) खोबणीत तळाशी दहा बारीक पिना असतात, त्यातली दहावी आणि ग्राउंड एकमेकांना टेकवली की यंत्र आरसीएममध्ये जातं, एवढंच त्या टाचणीचं काम. पण त्याच रांगेत एका पिनेवर ५ व्होल्ट असतात, आणि नववीतला हात आणि वाकडी टाचणी म्हणजे चुकीची पिन टेकायला वेळ लागत नाही, मग खोबणी कायमची मेली. प्लॅस्टिकची तयार जिग मिळते, ती बरोब्बर त्याच दोन पिना जोडते, वडापावाच्या पैशात नाही पण एका पिझ्झाच्या आत येते. ती आणून द्या.

गेम जात नाहीत. अँड्रॉइड सगळं मेमरी कार्डावर बसतं, आतल्या मेमरीला हात लागत नाही, कार्ड काढून नेहमीसारखं सुरू केलं की स्विच जसा होता तसा. तरीपण, आणि हे मुलाला तुमच्यासमोर करायला लावा, सगळ्यात आधी आतल्या मेमरीचा बॅकअप घ्यायचा. हेकाटेमध्येच सोय आहे, दोन छोट्या बूटच्या फाइल आणि एक रॉनँड नावाची मोठी, ती २९ जीबीच्या आसपास भरते, म्हणून ६४ जीबीचं तरी कार्ड लागतं. तो बॅकअप त्याच स्विचचाच उपयोगी पडतो, मित्राचा चालत नाही, कारण प्रत्येक यंत्राच्या किल्ल्या वेगळ्या. फाइली कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कार्डावरच ठेवून पुढची पायरी केली तर पार्टिशन करताना, म्हणजे कार्डाचे भाग पाडताना, उडतात. माझ्याकडे असे तीन जण आलेत ज्यांनी बॅकअप "घेतला होता".

कायद्याचं म्हणाल तर स्वतःच्या यंत्रावर फुकट मोकळं सॉफ्टवेअर टाकणं आणि चोरीचे गेम खेळणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारावर निन्टेंडो माफ करत नाही, चोरीचे गेम चालवणारी उपकरणं विकणाऱ्या टोळीतल्या एकाला अमेरिकेत २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. पण पहिला प्रकारही निन्टेंडोच्या अटींत बसत नाही, वॉरंटी असेल तर ती गेली समजा, आणि उद्या ऑनलाइन खातं बंद झालं तर भांडायला तोंड नाही. मुलगा मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असेल तर त्या स्विचवर नको. आणि टाचणी घेऊन बसला म्हणून फार रागावू नका हो, आम्हीपण असेच शिकलो, फक्त आमच्या वेळी रेडिओ होते.

काका, सगळं तुमच्या त्या ओळीनंतर स्वतः शोधून केलं. ५१२ जीबीचं कार्ड फार स्वस्तात मिळालं होतं. हेकाटेमध्ये पार्टिशन झालं, फ्लॅश झालं, लिनिएजचा लोगो येतो, ते गोल फिरत राहतं आणि तास झाला तरी तिथेच. एकदा चालू झालं पण गुगल प्ले नव्हतं. पुन्हा केलं तर परत लोगो. — एक वाचक, ठाणे

फार स्वस्तात या दोन शब्दांत उत्तर आहे. मीही खाल्लाय हा मार. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ५१२ चं कार्ड मागवलं, ब्रँडचं नाव व्यवस्थित छापलेलं, पाकीटसुद्धा झकास, दोन रात्री मी स्विचला, केबलला, हेकाटेच्या आवृत्तीला, शेवटी स्वतःला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने कार्ड तपासलं तर २९ जीबीनंतर सगळी बोंब. नकली कार्ड असंच असतं, स्वतःची साइज खोटी सांगतं, सुरुवातीला लिहिलेलं परत वाचता येतं, पुढचं लिहिलं की हो हो म्हणतं आणि फेकून देतं. आता पार्टिशनमध्ये अँड्रॉइडचे भाग कार्डाच्या शेवटाकडे जातात, म्हणजे नेमके त्या फेकून देणाऱ्या भागात. म्हणून लोगो येतो आणि पुढे काही नाही.

तर नवीन कार्ड घ्या, १२८ किंवा २५६ पुरे, बिलासकट, आणि काहीही करण्याआधी पूर्ण तपासा. २५६ ला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

गुगल प्लेचं वेगळं आहे, तिथे क्रम चुकलाय. ज्यांना अजून करायचंय त्यांनीपण वाचा. हेकाटेमध्ये पार्टिशनच्या पानावर अँड्रॉइडसाठी किती जागा ते सरकवून ठरवायचं, तिथे तो डायनॅमिक की लेगसी असं विचारतो, अँड्रॉइड १० आणि ११ साठी लेगसी, त्यापुढच्यांना डायनॅमिक, इथे चुकलात तर पुढे सगळं बरोबर करूनही चालत नाही. मग यूएसबीने कार्ड कॉम्प्युटरला दाखवायचं (हेकाटेतच ते बटण आहे, कार्ड काढायची गरज नाही), लिनिएजच्या फाइली, झिप आणि गुगलची झिप कॉपी करायच्या. मग फ्लॅश अँड्रॉइड दाबायचं, की ते रिकव्हरीत, म्हणजे झिप बसवायच्या वेगळ्या मेनूत नेतं. रिकव्हरीत जॉयकॉन चालत नाहीत म्हणून घाबरू नका, आवाजाच्या बटणांनी वरखाली आणि पॉवरच्या बटणाने निवड. आधी फॅक्टरी रिसेट, मग लिनिएजची झिप, मग रिकव्हरी पुन्हा सुरू करून लगेच गुगलची झिप, आणि हे सगळं झाल्यावरच पहिल्यांदा अँड्रॉइड चालू करायचं. एकदा गुगलशिवाय चालू केलंत आणि नंतर गुगल टाकायला गेलात की धड ना इकडचं ना तिकडचं होतं, परत रिसेट मारूनच सुटका. तुम्ही मधे "बघू तरी चालतं का" म्हणून चालू केलं असणार. सगळेच करतात.

जॉयकॉन दर वेळी नव्याने जोडावे लागतात, आणि परत निन्टेंडोवाल्या बाजूला गेलं की तिथे पुन्हा. वैताग आलाय. — एक वाचक, बेळगाव

याचा इलाज कमी लोकांना माहीत आहे. कार्ड काढून नेहमीचा स्विच सुरू करा, दोन्ही जॉयकॉन दोन्ही बाजूंना खट्ट करून बसवा, ओळखले गेले की बंद करा. मग कार्ड घालून हेकाटेमध्ये, तिथे निक्सच्या (हेकाटेच्याच टचवाल्या मेनूच्या) पर्यायांमध्ये डंप जॉयकॉन बीटी असं बटण आहे, ते दाबलं की निन्टेंडोच्या बाजूला साठवलेल्या ब्लूटूथच्या किल्ल्या तो कार्डावर लिहून ठेवतो आणि अँड्रॉइड त्याच वापरतं. दोन्ही बाजूंचे जॉयकॉन सापडले असं त्याने म्हटलं पाहिजे, एकच सापडला तर पहिल्यापासून. एकदा झालं की दोन्हीकडे आपोआप जुळतात.

लिनिएजची टॅबवाली आवृत्ती घेऊ की टीव्हीवाली? आणि त्यावर नेटफ्लिक्स, गुगल पे वगैरे? — एक वाचक, शारजा

डॉकमध्ये ठेवून टीव्हीलाच लावणार असाल तरच टीव्हीवाली, हातात धरून वाचणार, टाइप करणार असाल तर टॅबवाली. मराठी टायपिंग रिमोटसारख्या बटणांनी करून बघा एकदा, जोडाक्षरापर्यंत पोचेतो विचार विसरतो. नेटफ्लिक्समध्ये एचडी विसरा, कारण अँड्रॉइड टाकलेल्या स्विचला वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही, ४८० वर समाधान. पैशांची ॲप मात्र टाकूच नका, बहुतेक चालणारच नाहीत आणि चाललं तरी अनलॉक केलेल्या यंत्रावर बँक कशाला.

पण मग एवढं करून उपयोग काय? खरं सांगा. आणि स्विच लाइटवर हे होतं का? — एक वाचक, फोंडा

खरंच सांगतो. गेमिंगसाठी म्हणून केलंत तर निराश व्हाल असं नाही, पण स्विच गेमसाठी जन्मला आहे आणि तो त्याचे स्वतःचे गेम जितके सुरेख चालवतो तितकं अँड्रॉइडमध्ये काही चालत नाही. टेग्रा एक्स१ म्हणजे २०१५ ची चिप, रॅम ४ जीबी, आजच्या अँड्रॉइडला ते जेमतेम. सोनीच्या जुन्या पीएसपीच्या काळातले गेम मस्त पळतात, त्याच्या वरचे कधी चालतात कधी रडतात. घरी बरा पीसी असेल तर मूनलाइट नावाच्या ॲपने त्याचे गेम वायफायवरून स्विचवर खेळता येतात, हा मला सगळ्यात आवडलेला उपयोग, पलंगावर आडवं पडून. स्क्रीन ६.२ इंची आणि ७२० पी, वाचायला पुरे. आमच्याकडे तो आता सासूबाईंकडे असतो, कीर्तनं आणि जुनी नाटकं बघतात, आणि जॉयकॉन काढून ठेवलेत कारण त्यांना ते शिंगांसारखे वाटतात.

आणि तुम्ही दुसऱ्या ओळीत लाइटबद्दल विचारलंय, तर लाइट आणि ओलेड या स्विचच्या नंतरच्या दोन्ही आवृत्त्यांवर ही टाचणीवाली युक्ती चालत नाही. नव्याने पैसे घालून फक्त अँड्रॉइडच हवं असेल तर रेट्रॉइड नाहीतर अँबरनिकची हातातली यंत्रं घ्या, त्यातली बरीचशी अँड्रॉइड घेऊनच येतात. स्विचवर हे करायचं ते घरात आधीच असलेल्यासाठी.

चार दिवसांपूर्वी आरसीएममध्ये टाकायचा प्रयत्न केला, काही झालं नाही, स्क्रीन काळीच राहिली म्हणून कपाटात ठेवून दिला. आज काढला तर पूर्ण मेलेला, चार्जिंगचं चिन्हसुद्धा येत नाही. बायको म्हणतेय केला ना सत्यानाश. — एक वाचक, नाशिक

वहिनींना सांगा बहुतेक नाही केला. काही झालं नाही असं तुम्हाला वाटलं पण झालं होतं, आरसीएममध्ये स्क्रीन काळीच असते, ना दिवा ना आवाज, आणि यंत्र आत जागंच असतं. तसं कपाटात चार दिवस ठेवल्यावर बॅटरी तळापर्यंत गेली. बंद करायचं तर पॉवरचं बटण बारा सेकंद धरून ठेवावं लागतं, हे कुणी सांगत नाही. आता मूळ चार्जर लावा, मोबाइलचा जुनापुराणा नको, आणि दोनतीन तास त्याच्याकडे बघूसुद्धा नका. मग चार्जर लावलेलाच ठेवून पॉवरचं बटण पंधराएक सेकंद धरा, सोडा, आणि पुन्हा एकदा साधं दाबा. नाही आलं तर रात्रभर ठेवून सकाळी परत.

आणि उजवीकडच्या खोबणीत ती जिग अजून तशीच नाही ना, ते आधी बघा.